नार्कन कचऱ्यात टाका म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात माहेरच्या ग्रुपवर 'अमेरिकेचं भयाण सत्य' नावाचा मेसेज येऊन पडला. असे मेसेज मी उघडत नाही. पण हा ताईने वाचला आणि लगेच ओक्लाहोमात एम.एस. करणाऱ्या लेकाला फोन लावला: विद्यापीठात वाटलेलं ते नार्कनचं, म्हणजे ओव्हरडोसवरच्या उताऱ्याचं, पाकीट आत्ताच्या आत्ता कचऱ्यात टाक, खोलीत ठेवू नकोस. भाच्याने मला विचारलं, "मावशी, खरंच टाकू का?" मी न्यू मेक्सिकोत फार्मसिस्ट आहे, ही पाकिटं देणं हे माझं कामच. ताईला समजावायला गेले तर म्हणाली, "अगं, डॉक्टरांनीच पाठवलाय." कोणत्या डॉक्टरांनी, ते अर्थातच मेसेजमध्ये नाही.

मेसेज थोडक्यात असा. अमेरिकेचं सरकार नशेबाजांना फुकट सुया आणि चिलमी वाटतं. नार्कन हे स्वतःच एक ड्रग आहे, जवळ सापडलं तर पोलीस धरतात आणि व्हिसा जातो. त्याच्यामुळे लोकांची मरणाची भीती गेली, म्हणून नशा वाढली. फेंटानिलने (हे अतिशय तीव्र वेदनाशामक, नशेसाठीही घेतात) पडलेल्या माणसाला हात लावला तर लावणाराही मरतो, तेव्हा मुलांना लांब राहायला सांगा. आणि या सगळ्यासाठीच्या सरकारी अनुदानाचे कोट्यवधी डॉलर जातात कुठे, तर खेड्यातल्या आळशी लोकांकडे आणि कसिनोवर गब्बर झालेल्या आदिवासींकडे, तेही 'आपल्या मुलांच्या टॅक्समधून'. त्यापेक्षा तुरुंग बांधा.

आधी तो हात लावण्याचा मुद्दा, कारण बाकीचा मेसेज नुसता मूर्खपणाचा आहे आणि हा जीवघेणा आहे. फेंटानिलचा स्पर्श होऊन पोलीस कोसळला, असे व्हिडिओ अमेरिकेतही धो धो फिरतात. २०१७ मध्ये इथल्या विषचिकित्सकांच्या दोन मोठ्या संघटनांनी मिळून निवेदन काढलं, की चुकून कातडीला लागलेल्या फेंटानिलने विषबाधा होण्याची शक्यता अत्यंत कमी आहे. मला त्याचं नवल वाटलं नाही. कॅन्सरच्या रुग्णांना फेंटानिलचे पॅच मी देते. औषध कातडीतून आत शिरावं म्हणून मुद्दाम बनवलेली ती पट्टी, तीसुद्धा पहिल्यांदा लावली की पुरता असर यायला अर्धा-एक दिवस जातो. मग बोटाला चिमूटभर पावडर लागून उभा माणूस आडवा कसा होईल? हात साबणाने धुवा, तोंडाला-डोळ्यांना लावू नका. विषय संपला.

आता लांब राहिलात तर काय होतं ते ऐका. ओपिऑइडच्या, म्हणजे फेंटानिलसारख्या अफूच्या जातीच्या औषधांच्या, ओव्हरडोसमध्ये माणसाचा श्वास मंदावतो, मग थांबतो. ओठ, नखं निळसर-राखाडी पडतात, घशातून घोरल्यासारखा किंवा गुरगुरल्यासारखा आवाज येतो आणि हलवलं तरी जाग येत नाही. ऑक्सिजन न मिळाल्यास मेंदूला इजा व्हायला काही मिनिटं पुरतात. अशा वेळी ९११ला फोन करायचा, एका नाकपुडीत फवारा मारायचा, श्वास देता येत असेल तर द्यायचा, कुशीवर वळवायचं, दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा फवारा मारायचा. हे काम पंचवीस वर्षांचं पोरगं सहज करू शकतं. त्याला 'लांब राहा' सांगणं म्हणजे रूममेट डोळ्यांसमोर मरताना बघत बस सांगणं. आणि पडणारा नेहमी 'नशेबाज'च असतो असंही नाही. परीक्षेच्या आधी कुणाकडून तरी झोपेची नाहीतर जागरणाची गोळी घेणारा साधा विद्यार्थीही असतो. बाजारातल्या बनावट गोळ्यांत फेंटानिल निघतं, आणि ते बघून ओळखता येत नाही.

नार्कन म्हणजे नालोक्सोन. अमेरिकेत त्याला १९७१ मध्ये मान्यता मिळाली, नाकातल्या फवाऱ्याला २०१५ मध्ये, आणि मार्च २०२३ मध्ये औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीएने तो फवारा चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली. आज तो क्रोसिनसारखा शेल्फवर असतो. ज्या औषधाची नशाच होत नाही, जे नियंत्रित द्रव्यांच्या यादीतच नाही, ते खिशात सापडलं म्हणून व्हिसा कसा जाईल, हे मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक. एसटीत रिझर्वेशनवाला चढला की जागेवर बसलेल्याला उठावं लागतं, तसं नालोक्सोन ओपिऑइडला मेंदूत ते जिथे जाऊन बसतं त्या जागेवरून उठवतं. ओपिऑइड शरीरात नसेलच तर उठवणार कुणाला? निरोगी माणसाच्या नाकात मारलं तर काहीही होत नाही. फक्त हा रिझर्वेशनवाला अर्ध्या ते दीड तासात उतरून जातो आणि आधीचा पुन्हा बसू शकतो, म्हणून शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात न्यावंच लागतं.

दोन डोसांच्या पाकिटाची किंमत दुकानात आली तेव्हा पंचेचाळीस डॉलरच्या आसपास होती. ज्या घरात त्याची सर्वांत जास्त गरज असते तिथे पंचेचाळीस डॉलर नसतात. अनुदानाचा प्रश्न इथून सुरू होतो.

'भीती गेली म्हणून नशा वाढली' हे ऐकायला फार तर्कशुद्ध वाटतं. मॅसॅच्युसेट्समधल्या १९ गावा-शहरांचा अभ्यास २०१३ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नशा करणाऱ्यांना, त्यांच्या घरच्यांना, मित्रांना नालोक्सोन वापरायला शिकवलं होतं. जिथे थोड्यांना शिकवलं तिथे ओव्हरडोसचे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी आढळले, जिथे जास्त जणांना शिकवलं तिथे ४६ टक्क्यांनी. जास्त औषध, कमी मृत्यू. भीतीचा सिद्धांत खरा असता तर उलटं व्हायला हवं होतं. हो, २०१८ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी नालोक्सोनचे कायदे झाल्यावर काही ठिकाणी नशेशी संबंधित गुन्हे आणि इमर्जन्सीतल्या भेटी वाढल्याचं मांडलं होतं, आणि त्यावर बरंच भांडण झालं. कायद्याची तारीख आणि औषध खरोखर हातात पडण्याची तारीख यांत किती अंतर असतं, हे काउंटरमागे उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. मला तो पेपर पटत नाही. पण अशा कशावर तरी मेसेज बेतला असेल तर निदान पूर्णपणे हवेतला नाही, एवढं कबूल करते. व्यसन नालोक्सोनने सुटत नाही हेही खरं. शुद्धीवर आलेला माणूस आभार मानत नाही, बहुतेकदा ओकतो, थरथरतो, चिडतो. पण जिवंत असतो.

सुया आणि चिलमी. २०२२ च्या फेब्रुवारीत बायडेन सरकारच्या तीन कोटी डॉलरच्या एका अनुदानावरून 'सरकार क्रॅकच्या (ओढायच्या कोकेनच्या) चिलमी वाटणार' अशी बोंब उठली होती, मेसेजवाला अजून तिथेच अडकलाय. तेव्हाच सरकारने जाहीर केलं, की केंद्राचा पैसा चिलमींवर खर्च होणार नाही. ते सांगणाऱ्यांत व्हाइट हाउसचे ड्रग धोरणप्रमुख डॉ. राहुल गुप्ता होते. भारतात जन्मलेल्या कुणाला अमेरिकेत मोठं पद मिळालं की जो ग्रुप पेढे वाटतो, त्याच ग्रुपवर हा मेसेज फिरतोय! सुयांचंही तसंच. केंद्राच्या पैशातून सुई विकत घेता येत नाही, ही अट खर्चाच्या कायद्यातच असते. काही राज्यं, काही शहरं, काही संस्था आपल्या पैशातून सुया देतात, तेवढं मेसेजमधलं खरं.

पण का देतात? इंडियानातल्या स्कॉट काउंटीत ऑस्टिन नावाचं चार-साडेचार हजार वस्तीचं गाव आहे. २०१५ मध्ये तिथे एकमेकांच्या सुयांनी वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचून घेणाऱ्यांत एचआयव्ही पसरला. वर्ष संपायच्या आत १८१ जणांना लागण झालेली होती. तेव्हाचे गव्हर्नर माइक पेन्स सुया वाटण्याच्या विरोधात होते. शेवटी त्यांनाच आणीबाणीचा आदेश काढून परवानगी द्यावी लागली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने नियम सैल केला: सुई सोडून बाकी खर्च, म्हणजे कर्मचारी, तपासण्या, गाडी, हे केंद्राच्या पैशातून चालेल.

आता आदिवासी, म्हणजे अमेरिकेतले मूळनिवासी. इथे मेसेजचा सूर खोटेपणापलीकडे जाऊन खुनशी होतो, आणि हाच सूर घरी कातकऱ्यांबद्दल, पारध्यांबद्दल ऐकत मी मोठी झाले, त्यामुळे तो चटकन ओळखू येतो. 'फुकट मिळतं यांना.'

या जमातींनी जमिनी दिल्या, किंवा त्यांच्याकडून घेतल्या गेल्या, त्या करारांच्या आणि कायद्यांच्या बदल्यात त्यांच्या आरोग्याची जबाबदारी केंद्र सरकारवर आली. त्यासाठी १९५५ पासून इंडियन हेल्थ सर्व्हिस आहे. ती किती 'गब्बर' आहे? संसदेसाठी सरकारी हिशेब तपासणाऱ्या जीएओ या संस्थेने २०१७ चे माणशी खर्चाचे आकडे मांडलेत: इंडियन हेल्थ सर्व्हिस ४,०७८ डॉलर, गरिबांची मेडिकेड ८,१०९, निवृत्त सैनिकांची सेवा १०,६९२, वृद्धांची मेडिकेअर १३,१८५. या योजनांचे लाभार्थी आणि सेवा वेगवेगळ्या आहेत, तुलना काटेकोर नाही, हे जीएओही सांगते. तरी चार हजार आणि तेरा हजार यांतला फरक काटेकोरपणाने भरून निघत नाही. ताईला मी हेच चार आकडे पाठवले, बाकी काही नाही.

ओपिऑइडसाठी जमातींना वेगळा पैसा आला तो २०१८ मध्ये. राज्यांच्या आणि जमातींच्या वाट्याला मिळून १०० कोटी डॉलर होते, त्यातले जमातींसाठी राखलेले ५ कोटी. खेड्यांसाठी त्याच सुमाराला आरसीओआरपी नावाचा वेगळा कार्यक्रम निघाला. आणि गरज कुठे होती? २०२२ मध्ये देशात लाखामागे सुमारे ३३ माणसं ओव्हरडोसने गेली, मूळनिवासींत लाखामागे ६५. दुप्पट.

राहिला कसिनो. मान्यताप्राप्त जमाती साडेपाचशेहून जास्त, त्यांतल्या निम्म्याहून कमी जमातींकडे कसिनो आहेत, आणि खरा पैसा मोठ्या शहरांजवळच्या थोडक्यांकडे. हमरस्त्यापासून दूर असलेल्या कसिनोत जुगार खेळायला जाणार कोण? माझ्या शेजारचं नवाजो नेशन विदर्भाच्या जवळजवळ पाऊणपट आहे. तिथे अँब्युलन्सची वाट बघणं म्हणजे काय, हे मेळघाटात राहणाऱ्याला सांगावं लागणार नाही. श्वास थांबल्यावर हातात असतात काही मिनिटं. म्हणून अनुदानातून आलेला फवारा दवाखान्यात नाही, आजीच्या स्वयंपाकघरात, शाळेच्या बसमध्ये, किराणा दुकानात असावा लागतो.

आणि ही माणसं हात पसरून बसलेली नाहीत. वॉशिंग्टन राज्यात स्विनोमिश जमातीने अॅनाकोर्टेसमध्ये उपचारकेंद्र उभारलं. व्यसन सोडवायला दिली जाणारी मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं, समुपदेशन, रुग्णांना ने-आण करायला गाड्या, आईचा उपचार चालू असताना मुलांना सांभाळायची सोय, सगळं एका छताखाली. तिथे जमातीबाहेरचे लोकही उपचार घेतात. त्याच राज्यातल्या लमी नेशनने २०२३ च्या सप्टेंबरात फेंटानिलच्या मृत्यूंमुळे आणीबाणी जाहीर केली. ओक्लाहोमातल्या चेरोकी नेशनने तर २०१७ मध्येच ओपिऑइडच्या गोळ्यांवरून औषध वितरकांवर आणि दुकानांच्या साखळ्यांवर दावा ठोकला होता. २०२२ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सन आणि तीन बड्या वितरकांनी जमातींना मिळून ५९ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. हा पैसा कुणाच्या टॅक्समधला नाही. तो कंपन्यांच्या खिशातून आलाय. (टॅक्सचं म्हणाल तर एफ-१ व्हिसावरची आपली मुलं पहिली पाच वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर भरतच नाहीत. असो.) अशा तडजोडींचा पैसा काही गावांनी पोलिसांच्या नव्या गाड्यांवर उडवला, हे मात्र खरं आहे, आणि त्यावर कुणी चिडलं तर मी सोबत आहे. पण मेसेजला नेमका तोच खर्च खटकत नाही.

'खेड्यातले आळशी' या मुद्द्यावर जास्त लिहीत नाही. वेस्ट व्हर्जिनियात केर्मिट नावाचं चारशे वस्तीचं खाणपट्ट्यातलं गाव आहे. तिथल्या एका फार्मसीकडे दोन वर्षांत हायड्रोकोडोन या ओपिऑइड वेदनाशामकाच्या सुमारे ९० लाख गोळ्या पोचल्या. वितरकाने पाठवल्या, डॉक्टरांनी लिहिल्या, माझ्याच पेशातल्या माणसाने काउंटरवर मोजून दिल्या. खाणीत पाठ मोडलेल्याला आळशी म्हणायला हिंमत लागते.

आणि तुरुंग. त्याचंही उत्तर कधीच मिळालंय. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्यांचा अभ्यास २००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा ओव्हरडोसने मरण्याचा धोका राज्यातल्या इतर लोकांच्या १२९ पट निघाला. आत राहून शरीराची सवय मोडलेली असते आणि बाहेर आल्यावर माणूस जुनाच डोस घेतो. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी सुटकेच्या दिवशी कैद्याच्या सामानाबरोबर नार्कनचं पाकीटही देतात. तेही अनेकदा याच अनुदानांतून.