काउंटरमागचे मानसोपचारतज्ज्ञ

डी. फार्म.च्या मुला-मुलींनो, परीक्षा आटोपून तुम्ही आता पाचशे तासांच्या ट्रेनिंगसाठी कुठल्यातरी मेडिकलच्या काउंटरमागे उभे असाल. मनाच्या आजाराची चिठ्ठी आली की वागायचं कसं, हा प्रश्न पडला असेल. परवा आमच्या कोपऱ्यावर तुमच्याच एका भाऊबंदाने मला ते सविस्तर शिकवलं. ज्ञान दिल्याने वाढतं म्हणून देते.

आधी आवाज. एस्सिटालोप्राम, ओलान्झापिन असलं काही दिसलं की चिठ्ठी उजेडात धरा आणि ओरडा, "सर, ते डिप्रेशनवालं कुठल्या खणात आहे?" रांगेतल्या काकूंनाही कळायला हवं.

पेशंट स्वतः समोर उभा असला तरी गोळी कधी घ्यायची ते सोबतच्या माणसाला सांगा.

डिप्रेशनवरची अमिट्रिप्टिलिन दिसली की निदान करून मोकळे व्हा. ती अर्धशिशीला आणि नसांच्या दुखण्यालाही देतात, पण इतक्या खोलात कोण जातंय!

सल्ला फुकट द्या. "याची सवय लागते, लवकर सोडा, सकाळी प्राणायाम करा." डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन-चार आठवडे जातात, त्या एकदम बंद केल्या तर चक्कर येते, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, हे फार्माकॉलॉजीत आहे म्हणे. असू दे. ते व्हायवापुरतं.

१० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, पोस्टर मात्र काढाच. काळ्या कागदावर गुडघ्यांत डोकं घातलेली मुलगी, खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर. बक्षीस घ्या, फोटो टाका. मग वर्गातली जी मुलगी खरोखर गोळ्या घेते तिला ग्रुपवर 'सायको' म्हणा. (माझी भाची फार्मसीलाच आहे, तेव्हा नाही म्हणू नका.)

आता मुख्य धडा. माझा दादा बरीच वर्षं लिथियमवर, म्हणजे मनःस्थिती टोकाला जाऊ न देणाऱ्या औषधावर, आहे. नोकरी करतो, भाजी आणतो, माझ्याशी भांडतो. परवा त्याचा गुडघा सुजला म्हणून मी त्याची चिठ्ठी घेऊन गेले आणि स्पष्ट विचारलं, "लिथियमबरोबर चालेल अशी दुखण्यावरची गोळी आहे का?" पोराने चिठ्ठी पाहिली, मग मला आपादमस्तक न्याहाळलं, बाजूच्या मित्राला कोपर मारून "येरवडा" म्हणाला. मी ऐकू नये इतपत हळू म्हणायचंही कष्ट नाहीत! आणि डायक्लोफिनॅकची स्ट्रिप कापून माझ्यापुढे टाकली. मी पुन्हा विचारलं, नक्की चालेल ना? तर म्हणतो, "चालतं हो मॅडम, गुडघ्याचा आणि डोक्याचा काय संबंध?"

संबंध मूत्रपिंडाचा आहे, राजा! डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्यांनी लिथियम शरीराबाहेर कमी टाकलं जातं आणि रक्तात साठत जातं. ते लिटरमागे साधारण ०.६ ते १.२ मिलिमोलच्या पट्ट्यात ठेवावं लागतं, म्हणून तर दादाचं रक्त वरचेवर तपासतात. पट्टा ओलांडला की हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो, माणूस बरळायला लागतो. आणि तो बरळायला लागला की तुम्हीच म्हणणार, बघा, वेडाचा झटका आला. मला हे ठाऊक होतं कारण डॉक्टरांनी आम्हाला बजावून ठेवलंय. ज्याला कुणी बजावलं नसेल त्याने काय करायचं?

पुरे झाली थट्टा. तुम्हाला माणसाची लाज वाटते आणि औषधाची भीती वाटत नाही. हे नेमकं उलटं हवं होतं. रुग्णाची गोपनीयता हा त्याचा हक्क आहे असं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात लिहिलंय. औषधांचा आपसातला परिणाम समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम असल्याचं २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत आहे. तुमच्या मर्जीचा प्रश्नच नाही. दुकानाच्या मालकांना सांगितलं तर म्हणाले, "शिकाऊ आहे, सांभाळून घ्या." का घ्यायचं? नावं ठेवायला बरा तयार झालाय!

लिथियमची चिठ्ठी आली की तीन गोष्टी विचारायच्या: दुसरी कुठली गोळी चालू आहे का, उलट्या-जुलाब झाले का, पाणी नीट पिता ना. एवढंही जड जात असेल तर कटलरीचं दुकान टाका. तिथे कुठल्याही दोन वस्तू एका पिशवीत घातल्या तरी कुणाच्या जिवावर बेतत नाही.