द्वारका ते द्वारका

आमचे दाजी दिल्लीत राहतात आणि माझा प्रवास तिथं बसून फोनवर मोजतात. "ओझर ते दिल्ली विमानतळ, सरळ रेषेत 990 किलोमीटर. विमान जातं ताशी 800 नं. म्हणजे सव्वा तास! जेवायलाच ये." दाजी इंजिनिअर, त्यामुळे त्यांना उत्तर द्यायची सोय नाही.

सरळ रेषा ही कावळ्याची चैन. विमान आधी धावपट्टीपर्यंत रांगत जातं, वाऱ्याच्या तोंडावर उडतं, मग आखून दिलेल्या हवाई मार्गानं वळणं घेत जातं. ते 800 फक्त मधल्या टप्प्यात. म्हणून वेळापत्रकात दोन तासांच्या आसपासचा आकडा असतो. त्यात सामानाचा काउंटर तासभर आधी बंद. आणि हे सगळं कधी? तर मी ओझरला पोचल्यावर.

मी राहतो नाशिकरोडला. ओझर 20-25 किलोमीटर. पण मध्ये द्वारका लागते.

त्या चौकात साक्षात श्रीकृष्णालाही रथ वळवता आला नसता. डाव्या हाताला कोथिंबिरीच्या जुड्यांनी भरलेला टेम्पो, उजवीकडे बस, पुढं रिक्षावाल्यांचं आपसांत चाललेलं. डोक्यावरून मात्र गाड्या भुर्रकन जात होत्या. त्याला उड्डाणपूल का म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. आमच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतली, तेव्हा मी घड्याळ बघणं सोडलं. तेवढ्यात ताईचा मेसेज : "कुठं आहेस?" मी लिहिलं, "द्वारकेत."

आता ताईचं घरही द्वारकेतच. दिल्लीच्या, विमानतळाला लागून असलेल्या. दाजींच्या हिशेबात मी बसायलाच हवा होतो. ताईनं पोळ्या टाकायला घेतल्या, दाजी खाली गेटवर येऊन उभे राहिले.

ओझरला कसाबसा वेळेत पोचलो, तर आईनं हातातल्या पिशवीत सरकवलेली लोणच्याची बरणी तपासणीत सापडली. तेल म्हणजे द्रव, असं मला समजावण्यात आलं. लोणचं द्रव आहे हे आईला कोण समजावणार, हा माझा प्रश्न तिथल्या जवानानं ऐकला नाही.

विमान उडालं ते वेळेवर. दिल्लीवर आलं आणि उतरायला जागा मिळेना म्हणून घिरट्या घालू लागलं. खिडकीतून तीच वस्ती तिसऱ्यांदा दिसली. म्हणजे वरही एक द्वारका होतीच, फक्त कोथिंबिरीचा वास नव्हता.

अंधार पडल्यावर ताईच्या सोसायटीखाली उभा राहून फोन केला. "ताई, द्वारकेत आलोय. दाजींना खाली पाठव, बॅग जड आहे."

पलीकडं थोडा वेळ शांतता. मग ताई म्हणाली, "कुठल्या?"