सगळ्यांचे श्वास २०?

आज परत तेच! राउंडच्या आधी टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वासाच्या नोंदींचा) उघडला, तर ओळीने अकरा पेशंट आणि अकराही जणांचे श्वास मिनिटाला २०. अगं, सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा उशीला टेकून धापा टाकतायत, वाक्य पुरं होत नाहीये त्यांचं! मी घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजले, ३४ भरले. चार्ट भरणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीला विचारलं तर म्हणते, "सिस्टर, लोकल लेट होती, म्हणून कालचं बघून भरलं."

लोकल लेट असते, मान्य. मीही रोज पनवेलहून येते. पण मग रकाना रिकामा सोड ना, मला येऊन सांग! रिकामा दिसला तर कुणीतरी मोजेल तरी. २० लिहिलेलं बघून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे जातात. तब्येत बिघडायला लागली की बऱ्याचदा आधी श्वासच वाढतो, बीपी मागाहून पडतं, हे पहिल्याच वर्षी शिकवलंय.

तिची केस स्टडीही सीनिअरची उतरवलेली. पेशंटचं वय, वजन, सगळं तेच.

उद्या सातला सगळ्या जणी सात नंबरपाशी या. सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन.