कन्सोलचे लॉग कशाला गोळा करायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ऑटोमेशन टेस्ट (वेबसाइट आपोआप तपासणारा प्रोग्राम) चालू असताना ब्राउझरच्या कन्सोलचे लॉग (पानातल्या चुका आणि सूचना जिथे उमटतात तिथल्या नोंदी) कसे मिळवायचे, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: टेस्टनं वापरणाऱ्याला दिसतं तेवढंच तपासावं, ग्राहक काही कन्सोल उघडून बघत नाही. मी दिलेला सेलेनियमचा (ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाचा) कोड फायरफॉक्सवर चालत नाही. कन्सोलमधल्या कचऱ्यानं बिल्ड (कोडची आपोआप होणारी जुळणी आणि तपासणी) रोज लाल, म्हणजे नापास होतं आणि मग टीम तिकडे बघणंच सोडते. आणि लॉग हवेच असतील तर पानात दोन ओळी घालून कन्सोल.एरर (कन्सोलवर चूक लिहिणारं फंक्शन) मध्येच अडवलं की झालं, एवढा खटाटोप कशाला?

पहिल्या मुद्द्यासाठी उदाहरणच घेऊ. फॉर्ममध्ये तारखेचा रकाना आहे, आपल्याकडच्या पद्धतीनं दिवस/महिना/वर्ष. टेस्ट त्यात आजची तारीख भरते आणि ‘जतन करा’ दाबते. आतला जावास्क्रिप्ट कोड ती तारीख जशीच्या तशी ‘न्यू डेट’ला (मजकुरातून तारीख वाचणाऱ्या आदेशाला) देतो आणि लगेच ‘टूआयएसओस्ट्रिंग’, म्हणजे तीच तारीख प्रमाण साच्यात, मागतो. क्रोम अशी तारीख महिना आधी धरून वाचतो. १३ तारीख आली की तेरावा महिना सापडत नाही, तारीख अवैध ठरते आणि कोड तिथेच थांबतो. पडद्यावर काय दिसतं? काहीच नाही. बटण दाबलेलं, फॉर्म जागच्या जागी, थोड्या वेळानं टाइमआउट, म्हणजे वाट बघण्याची मुदत संपते. स्क्रीनशॉट बघून काही कळत नाही. सर्व्हरचा लॉगही कोरा, कारण रिक्वेस्ट गेलेलीच नसते. कन्सोलमध्ये मात्र एक ओळ असते: ‘अनकॉट रेंजएरर: इनव्हॅलिड टाइम व्हॅल्यू’, आणि सोबत फाइलचं नाव नि ओळ क्रमांक. ती ओळ जपून ठेवली नसेल, तर पुढच्या महिन्याच्या १ तारखेला टेस्ट आपोआप हिरवी होते, तिला फ्लेकी (उगाच कधी पास, कधी नापास होणारी) म्हटलं जातं आणि विषय तिथेच मिटतो.

याच उदाहरणात तुमचं म्हणणंही खरं ठरतं, आणि ते मला मनापासून मान्य आहे. १ ते १२ तारखेच्या दरम्यान कन्सोल गप्प असतो. ५ एप्रिल भरली तर कोड ती ४ मे समजतो. ना एरर, ना वॉर्निंग. ही चूक पकडायची तर जतन झालेली तारीख पडद्यावर वाचून ताडूनच बघावी लागते. कन्सोल त्या तपासणीची जागा घेत नाही. टेस्ट पडल्यावर ती का पडली, हे शोधणाऱ्या माणसासाठी तो पुरावा आहे. आणि हेडलेस (पडद्यावर न दिसता चालणारा) ब्राउझर बंद झाला की तो पुरावा गेला, म्हणून तो त्याच वेळी उचलून ठेवायचा.

फायरफॉक्सबद्दल तुम्ही म्हणता ते तंतोतंत खरं आहे. २०१८ साली डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेनं वेबड्रायव्हरचं (बाहेरून ब्राउझर चालवण्याच्या आदेशांचं) जे प्रमाण मंजूर केलं, त्यात लॉग मागण्याचा आदेशच नाही, त्यामुळे फायरफॉक्स चालवणारा गेकोड्रायव्हर तो देत नाही. क्रोम चालवणाऱ्या क्रोमड्रायव्हरनं स्वतःची सोय चालू ठेवली, पण ७५व्या आवृत्तीपासून ‘लॉगिंगप्रेफ्स’ या लॉगच्या सेटिंगच्या नावाआधी ‘गूग’ आणि कोलन लावावं लागतं. जुना कोड तिथेच अडकतो. यावरचा आजचा मार्ग म्हणजे वेबड्रायव्हर बायडाय, म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलणारा वेबड्रायव्हर. त्यात आपण लॉग मागायला जात नाही, ‘लॉग.एंट्रीअ‍ॅडेड’ या इव्हेंटला (घटनेच्या सूचनेला) सबस्क्राइब केलं की ब्राउझरच वेबसॉकेटवरून (सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून) एकेक नोंद पाठवतो. हे क्रोमवर चालतं तसं फायरफॉक्सवरही चालतं.

जुन्या पद्धतीत आणखी एक खाच आहे आणि तिनं पुष्कळांना फसवलंय. ‘गेट लॉग’ या आदेशानं लॉग मागवले की बफर, म्हणजे नोंदींचा तात्पुरता साठा, रिकामा होतो. टेस्टच्या मध्येच एखाद्या हेल्परनं (मदतनीस फंक्शननं) लॉग वाचून टाकले, तर शेवटी टेअरडाउनमध्ये (टेस्टनंतरच्या आवराआवरीत) हाती कोरी यादी येते आणि सगळं आलबेल आहे असं वाटतं. वाचणारी जागा एकच ठेवा.

प्लेराइट (सेलेनियमसारखंच दुसरं साधन) वापरत असाल तर लिसनर (मेसेज ऐकणारं फंक्शन) ‘गोटू’ या पान उघडणाऱ्या आदेशाच्या आधी लावा, नाहीतर पान उघडतानाचे मेसेज निसटतात. आणि ‘कन्सोल’ इव्हेंटवर भागत नाही. न पकडलेले एक्सेप्शन (कोडनं न हाताळलेल्या चुका) ‘पेजएरर’ या वेगळ्या इव्हेंटवर येतात. वरची रेंजएरर नुसत्या ‘कन्सोल’ लिसनरला दिसलीच नसती.

तुमच्या दोन ओळींच्या उपायातही हीच अडचण आहे. कन्सोल.एरर अडवलं की फक्त कोडनं स्वतः लिहिलेले मेसेज मिळतात. कॉर्सनं (दुसऱ्या डोमेनकडे जाण्याच्या नियमानं) नाकारलेली रिक्वेस्ट, सीएसपीनं (पानावर काय चालू द्यायचं या नियमावलीनं) रोखलेली स्क्रिप्ट, एचटीटीपीएसच्या पानावरचा साध्या एचटीटीपीचा मजकूर, यांच्या तक्रारी ब्राउझर स्वतः लिहितो. त्या तुमच्या फंक्शनमधून जातच नाहीत. स्टेजिंगला (चाचणीच्या सर्व्हरवर) चालणारं पान प्रॉडक्शनला (ग्राहकांच्या सर्व्हरवर) गेल्यावर मोडतं तेव्हा कारण अनेकदा यांतलंच असतं.

राहिला कचरा. कन्सोलमधल्या प्रत्येक लाल ओळीवर बिल्ड पाडायचं ठरवलं, तर तुम्ही म्हणता तसंच होणार. फॅव्हिकॉनची (टॅबवरच्या छोट्या चित्राची) ४०४, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’, सुद्धा बिल्ड पाडेल. म्हणून जमवणं वेगळं आणि पाडणं वेगळं ठेवा. जमवायचं सगळं. पाडायचं ते फक्त न पकडलेल्या एक्सेप्शनवर, तेही आपल्याच डोमेनवरच्या फाइलमधून आलेल्या. जाहिरातीच्या किंवा अ‍ॅनालिटिक्सच्या स्क्रिप्टनं केलेला गोंगाट फाइलमध्ये पडून राहू दे. एखादी ओळ जाणूनबुजून सोडायची असेल तर ती का सोडली आणि कोणी सोडली हे तिच्या शेजारीच लिहा, नाहीतर वर्षभरानं त्या यादीला हात लावायला कोणी धजावत नाही. आणि या फाइली सीआयवर (बिल्ड आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) साठवण्याआधी त्यातले टोकन (लॉगिनच्या गुप्त किल्ल्या) आणि ओटीपी पुसून टाका. डेव्हलपर घाईत काय काय कन्सोलवर छापतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये सेलेनियमची कोणती आवृत्ती आहे आणि कोड जावात आहे की पायथनमध्ये, हे इथेच कळवा. फायरफॉक्ससाठी बायडाय चालू करण्याचं नेमकं सेटिंग त्याप्रमाणे लिहून देतो.