मधात लावा ना जी!

मासे आणि खोली पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा मुठीएवढा काळा ठोकळा, म्हणजे ट्रान्सड्यूसर, नावेच्या मागच्या फळीवर बसवायचा, एवढंच काम. पण वैनगंगेच्या काठावर हातात टेप घेतलेला माणूस दिसला की जाळं शिवणारे, शेळ्या राखणारे आणि काहीच न करणारे सगळे तज्ज्ञ म्हणून जमतात.

"मधात लावा ना जी, समतोल राह्यते."

"मागं कायले? समोर लावा. मासा आधी दिसन!"

तिसरा ईशान्य कोपरा सुचवतो. नाव वळली की तिची ईशान्य बदलते, हे त्याला सांगायच्या भानगडीत मी तरी पडत नाही.

ट्रान्सड्यूसर बघत नाही, तो आवाज सोडतो आणि परत आलेला ऐकतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो, पण वाटेत हवेचे बुडबुडे आले की तिथूनच माघारी फिरतो. म्हणजे शोध जागेचा नाही, बिनबुडबुड्याच्या पाण्याचा. वेग घेतला की समोरचं टोक वर उचलतं, म्हणून समोरची जागा बाद. मधात इंजिनाचा पंखा पाणी घुसळत असतो, म्हणून तीही बाद. उरते पंख्याची उजवी बाजू, निदान ३८ सेंटीमीटर दूर. बहुतेक पंखे मागून पाहता घड्याळाच्या काट्यांसारखे फिरतात, त्यामुळे उजवीकडे पाती खाली जातात आणि ढवळण त्रास कमी देते. पंखा उलटा फिरत असेल तर डावी बाजू घ्यायची.

उजवीकडेही सगळं आलबेल नसतं. बुडाच्या उठावदार पट्ट्या, रिव्हेट, पाणी ओढायचं भोक, प्रत्येकामागे बुडबुड्यांची शेपटी असते. म्हणून आधी सुकाणू दुसऱ्याच्या हाती द्यावं आणि मागून वाकून पाणी कुठे गुळगुळीत सुटतं ते पाहावं. वाकणाऱ्याचा सदरा धरायला मात्र तज्ज्ञ कामी येतात.

मग उंची. "खोल टाकला तं खोलचं दिसन" हे मत जोरात असतं. प्रत्यक्षात फायबरच्या नावेला बुडाखाली ३ मिलिमीटर आणि अ‍ॅल्युमिनियमच्या नावेला ९-१० मिलिमीटर पुरे. वीतभर खाली सोडला तर मागे कारंजं उडतं. शिवाय गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात बुडालेल्या झाडांची खुंटं आणि जलपर्णी आहेतच. ठोकर लागली की वर उचलला जाणारा ब्रॅकेटच घ्यावा.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नाव ठेवून पाणसळ लावणारे लोक मला फार आवडतात. किती निरागस! पाण्यात इंजिनाशेजारी दोन भरदार माणसं बसली की मागची बाजू दबते आणि तो सपाटपणा संपतो. माणसं, सामान, पेट्रोल सगळं चढवून मगच ठोकळ्याचं तोंड पाण्याला समांतर करावं. २०० किलोहर्ट्झवर आवाजाचा झोत साधारण २० अंशांचा असतो, १० मीटर खोलीवर तळाशी साडेतीन मीटरचं वर्तुळ. ठोकळा १० अंश कलला तर ते वर्तुळ पावणेदोन मीटर सरकतं आणि पडद्यावर मासा ज्या कमानीसारखा दिसतो, ती कमान अर्धवट उमटते.

"छेदच नका पाडू, आतून चिपकवा," असंही कोणी म्हणतो. हा माणूस अर्धा बरोबर असतो. भरीव फायबर असेल तर बुडबुडा न राहू देता इपॉक्सीने चिकटवता येतो, फक्त सिग्नल थोडा क्षीण होतो. आधी पाण्याने भरलेली पातळ पिशवी मधे ठेवून तपासावं. लाकडी डोंगा किंवा आत फोम असलेलं बूड असेल तर विषय सोडावा.

छेद पाडायचाच तर चिकटपट्टी लावून ड्रिल आधी उलटं फिरवावं, म्हणजे वरचा थर तडकत नाही. छेदात सीलंट भरावं. त्याहून बरं, एक प्लास्टिकची फळी कायमची बसवावी आणि पुढचे सगळे प्रयोग तिच्यावर करावेत. वायर इंजिनाच्या वायरींसोबत बांधू नये, नाहीतर पडद्यावर खोटे मासेच मासे! उरलेली वायर कापायचीही नाही, गुंडाळून ठेवायची.

शेवटी चाचणी. पडदा ८ फूट सांगतो, काका बांबू खुपसून ९ सांगतात. ठोकळा पाण्याखाली असतो तिथून मोजतो, म्हणून तेवढी खोली सेटिंगमध्ये मिळवायची. तरी उरलेला फरक गाळाचा, बांबू त्यात रुततो.

"तुमच्या मशीनले गाळ समजत नाही जी," काका म्हणतात आणि बांबू धुऊन दुसरीकडे खुपसतात.