मी कधी नाही म्हणालो?

आईला माझी मुंज बघायची होती. म्हणजे पुन्हा एकदा. 1994 सालची, व्हिडिओ कॅसेटवरची. टिळक रोडवरच्या एका दुकानातून ती कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून आणली आणि टीव्हीच्या पाठीमागे खोचली. टीव्ही म्हणाला, ही फाइल मला समजत नाही. इथे शहाण्या माणसानं पुन्हा दुकान गाठलं असतं. मी लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम उतरवला. त्यानं म्हणे लॅपटॉपवरची कुठलीही फाइल घरच्या वायफायवरून हॉलमधल्या टीव्हीवर दिसते.

दिसली नाही.

टीव्ही बिचारा आपलं काम चोख करत होता. असले टीव्ही 1900 क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या एका दारावरून, घरभर हाळी देतात, "कुणाकडे काही दाखवण्यासारखं आहे का?" माझा लॅपटॉप ते ऐकूनही ढिम्म. कारण मधे फायरवॉल, म्हणजे लॅपटॉपचा पहारेकरी. 2004 साली विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला, तेव्हापासून हा गडी न सांगता ड्युटीवर असतो. त्याचा खाक्या साधा आहे. आतून बाहेर कुणीही जावं, पण बाहेरून आत यायचं तर परवानगी लागेल.

यावर लोक लगेच म्हणतात, अगदी पुणेकर! मला हे मान्य नाही. पुणेकर निदान पाटी लावतो. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, असं तोंडावर सांगतो. फायरवॉल नकारसुद्धा देत नाही. दारावर कुणी आलंच नाही, अशा थाटात गप्प बसतो. टीव्हीला बापड्याला कळतच नाही, की घर बंद आहे की घरात माणसंच नाहीत.

"लागलं का रे?" आई.

"लागतंय."

मी सेटिंगमध्ये शिरून आत येणाऱ्यांसाठी नवा नियम केला, 'परवानगी द्या'. काही नाही. दुसरा केला. त्यात विचारलं, टीसीपी की यूडीपी? म्हणजे माहिती पाठवायच्या दोन पद्धती. हा फरक मला एकदा कुणीतरी छान समजावला होता. टीसीपी म्हणजे रजिस्टर्ड एडी, पोचपावती येईपर्यंत चैन नाही. यूडीपी म्हणजे साधं पोस्टकार्ड, टाकलं पेटीत, पोचलं तर पोचलं. मी दोन्हींना परवानगी दिली. मग पोर्ट. ही दारं शून्यापासून 65,535 पर्यंत असतात. आमच्या सोसायटीला एकच गेट आहे आणि त्यावरून दर महिन्याच्या मीटिंगमध्ये भांडणं होतात, ही गोष्ट मनात येऊन गेली. प्रोग्रॅमच्या मदतपानावर दिलेला क्रमांक मी उघडला, त्याच्या शेजारचेही दोन उघडले. असू देत, घरचंच आहे.

चौथ्या नियमानंतर धीर सुटला आणि अख्खा फायरवॉल बंद केला. त्याबरोबर हॉलमधून आई ओरडली, "आला! बटू आला!" मीही ओरडलो आणि घाबरून फायरवॉल परत चालू केला. बटू गेला. भिक्षावळीच्या ऐन मधे.

म्हणजे दोष फायरवॉलचाच, हे सिद्ध झालं. मग चार-चार परवानग्या देऊनही हा का ऐकत नाही? शेवटी भाचीला बोलावलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, डहाणूकर कॉलनीत राहते, चकली असेल तर येते. तिनं नियमांची यादी उघडून प्रोग्रॅमचं नाव शोधलं. माझे चार हिरवे टिळे ओळीनं दिसत होते. त्यांच्याच शेजारी त्याच नावाचे दोन नियम आणखी होते. लाल, आडवी रेघ मारलेले.

"मामा, हे तूच केलेयस."

"मी? मी कधी नाही म्हणालो?"

"पहिल्यांदा प्रोग्रॅम चालू केलास तेव्हा एक खिडकी आली असेल. तू रद्द दाबलंस ना?"

आठवलं. तेव्हा उजवा हात पोह्यात होता. डाव्या हातानं समोरची ब्याद बाजूला सारली होती. ज्या खिडक्या मला समजत नाहीत त्यांना मी वर्षानुवर्षं 'रद्द'च म्हणत आलो आहे. माझी समजूत अशी, की रद्द म्हणजे 'आत्ता नको, नंतर बघू'. फायरवॉलच्या लेखी त्याचा अर्थ 'कधीच नाही', आणि तेही दोन प्रतींत, एक टीसीपीसाठी, एक यूडीपीसाठी. वर कायदा असा, की परवानगी आणि मनाई समोरासमोर आल्या तर मनाई जिंकते. चार परवानग्या दिल्या काय आणि चारशे दिल्या काय. आमच्या घरात आईचं आणि बाबांचं असंच चालायचं, फक्त ते कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

भाचीनं लाल दोन्ही उडवले, माझे चारही उडवले. मग म्हणाली, "आणि तुझं घर पब्लिक आहे."

वायफाय पहिल्यांदा जोडताना नेटवर्क खाजगी की पब्लिक, तेही मीच कधीतरी दाबलं असणार. कोथरूडचा माझा दोन खोल्यांचा फ्लॅट इतकी वर्षं लॅपटॉपच्या हिशेबी स्वारगेटचा एसटी स्टँड होता. तिनं तो खाजगी केला, प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. तीच खिडकी आली. या वेळी मी दोन्ही हात धुऊन, चष्मा लावून, शेवटपर्यंत वाचून 'परवानगी' दाबलं.

मुंज लागली. मी गोटा करून पाटावर रडतोय, मागे आत्या पंगतीतली पानं मोजतेय. आई अगदी पुढे सरकून बसली. तेवढ्यात बेल वाजली. घड्याळात दीड.

"उघडू नकोस," टीव्हीवरची नजर न काढता आई म्हणाली, "आणि आवाज कमी कर. कुणी नाही असं वाटलं की जाईल आपोआप."