भिंत हलू नये म्हणून घ्यावयाची काळजी

आपण घर बांधणार असाल, तर प्रथम एक गोष्ट गृहीत धरावी : आपल्या कुटुंबात यापुढे काहीही घडणार नाही. मुले मोठी होणार नाहीत, सून येणार नाही, आईचे गुडघे कुरकुरणार नाहीत. एवढे मनाशी पक्के केले की आराखडा आपोआप सुचतो.

पूर्वजांची चूक मात्र आपण करू नये. वाडा बांधताना त्यांनी भार टाकला सागवानी खांबांवर व तुळयांवर, खोली मोजली खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरांत, आणि आतल्या पडभिंती केवळ आडोशापुरत्या ठेवल्या. परिणामी भाऊ वेगळे झाले की दोन खांबांच्या मध्ये एक भिंत उभी राही, पलीकडे दुसरी चूल पेटे, पुढे रस्त्याकडच्या खणात दुकान निघे, आणि वाडा मात्र होता तिथेच उभा असे. भाऊबंदकीची इतकी सोय करून ठेवणे बरे नव्हे. आपण भिंती आणि स्लॅब ॲल्युमिनियमच्या साच्यांत एकत्रच ओतून घ्यावेत. मग भिंतच भार वाहते, आणि दोन लहान खोल्यांची एक मोठी करण्याचा विचार कोणाच्या मनात आलाच, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर तो जागच्या जागी मोडून काढतो. पाण्याचे पाइपही भिंतीत गाडून टाकावेत. ते कधीतरी गळणारच. पण नेमके कोठे, हे शोधताना खालच्या मजल्यावरील मंडळींशी घरोबा वाढतो. बाथरूमला अडीच फुटांचे दार पुरे. त्यातून चाकाची खुर्ची सुखाने आत जाऊ लागली, तर म्हातारपणाला उगाच प्रोत्साहन मिळते.

नवी मुंबईत बेलापूरला चुकूनही जाऊ नये. तेथील आर्टिस्ट्स व्हिलेज वसाहतीत १९८०च्या दशकात वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी कोणत्याही घराची भिंत शेजाऱ्याच्या घराशी सामाईक ठेवली नाही, आणि लोकांनी त्याचा गैरफायदा घेऊन हवे तेव्हा, हवे तसे मजले चढवले. काहींनी तर मूळ घर पाडून नवेच उभारले. इंदूरच्या अरण्य वसाहतीत दुसरे वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांनी याहून कमाल केली. गरीब कुटुंबांना जोते, शौचालय आणि नळजोडणीची सोय तेवढी करून दिली व उरलेले घर ऐपतीप्रमाणे ज्याचे त्याने वाढवावे म्हणून सोडून दिले. अशा अर्धवट कामाला १९९५ साली वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला, यावरून परीक्षकांचीही कल्पना यावी.

इतके करूनही तीसेक वर्षांत कुटुंब बदललेच, तर डगमगू नये. सोसायटीची सभा बोलवावी, पुनर्विकासाचा ठराव करावा, अख्खी इमारत पाडावी आणि ताब्याची तारीख पुढे जात असताना भाड्याच्या घरात शांतपणे राहावे. नव्या घरात आल्यावर वडिलांची तसबीर लावण्यासाठी भिंतीत खिळा ठोकून पाहावा. तो वाकला, तर काम चोख झाले असे समजून तसबीर पुन्हा बॅगेत ठेवावी.